मोठ्यानं वाचायची अट

मॅट्रिक झालो आणि वर्ध्याच्या कॉलेजात नाव घालायचं ठरलं, तेव्हा आमच्या घरी सगळ्यात मोठा प्रश्न उभा राहिला तो मी राहायचं कुठं याचा. हिंगणीहून रोज जाणं-येणं शक्य नव्हतं. सेलूपर्यंत बैलगाडी, तिथून मोटार, आणि पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तेही बंद. बाबा वर्ध्याला जायचे ते कापसाच्या गाड्या घेऊन. बाजार, जिनिंग आणि परतीचा रस्ता, एवढंच त्यांचं वर्धा. तरी खोली बघायला तेच माझ्याबरोबर आले. डोक्याला धुवट रुमाल, हातात काठी, काखेत मायनं दिलेली भाकरीची पुरचुंडी.

आधी आम्ही स्टेशनामागच्या वस्तीत गेलो. एका ओळीत सहा खोल्या, पुढं सामाईक पडवी, पडवीत वाळत घातलेले लंगोट आणि धोतरं. तिथं आमच्या बाजूची चार मुलं आधीच राहत होती. त्यांनी बाबांना ओळखलं, चहा केला. पण बोलताना दर थोड्या वेळानं थांबावं लागत होतं, कारण मागं इंजिनं डबे जोडत होती. बाबा खूष होते.

"आपल्या गावाकडची पोरं हायेत. दुखलं-खुपलं त् पाह्यले कोनी तरी राहीन," ते म्हणाले.

मला ती जागा आवडली नाही. मला शांतता हवी होती. आमच्या घरी दोन काका, त्यांची मुलं, गुरं, गडीमाणसं. वाचायला मी गोठ्यामागच्या चिंचेखाली जाऊन बसायचो. शहरात जाऊन पुन्हा गोंगाटातच बसायचं असेल तर शहर कशाला, असं तेव्हा वाटलं. जिनिंगजवळची दुसरी खोली तर बाबांनीच बाहेरून नाकारली. कापसाचा मोसम सुरू झाला की तिथं श्वास घेता येत नाही, हे त्यांना माहीत होतं.

कॉलेजातल्या एका कारकुनानं तिसरी जागा सांगितली होती. सेवाग्रामच्या रस्त्याच्या अलीकडं एक आळी होती. दोन्ही बाजूंना कडुनिंब, कवेलूंच्या छपरांची बुटकी घरं, शाळामास्तर आणि कचेरीतले बाबू राहायचे. आम्ही पोचलो तेव्हा दुपार होती. आळीत शिरलो आणि आमच्या वहाणांचा आवाज आम्हालाच ऐकू येऊ लागला. एवढी शांतता मी रानात ऐकली होती, माणसांच्या वस्तीत कधी नाही. मी तिथंच ठरवून टाकलं.

घर एका निवृत्त मास्तरांचं होतं. उंच, वाळके, गळ्यापर्यंत बटणं लावलेला सदरा. त्यांनी बाबांना खुर्ची दिली, मला उभं ठेवलं आणि गावाचं नाव, गुण, वय असलं काहीएक न विचारता वर्तमानपत्र पुढं केलं.

"वाच. मोठ्यानं."

मी वाचलं. कुठल्याशा कालव्याची बातमी होती. आतल्या घरात पाट्यावर काहीतरी वाटल्याचा आवाज येत होता, तो मी वाचायला लागल्यावर थांबला. मी थांबलो तरी तो पुन्हा सुरू झाला नाही.

"खोली तुझी," मास्तर म्हणाले. "भाड्याचं तुम्हाला जमेल तसं बघा. पण एक अट आहे. कॉलेजातून आलास की तीन ते पाच मोठ्यानं वाचायचं. रोज. मनातल्या मनात वाचणारा मुलगा मला नको."

बाबांना हे सगळं विचित्र वाटलं. बाहेर आल्यावर ते निंबाखाली थांबले.

"मले नाई पटून राह्यली हे जागा."

"काऊन?"

"घरची बाई बाहीर आली नाई. घरात पोरगा ठेवून घ्यायचा, न् बाई त्याले पाह्यलेही येत नाई?" थोडा वेळ ते काठीनं माती उकरत राहिले. "पन शिकायचं तुले हाय. तू सांग."

मी ही जागा म्हणालो. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांनी भाकरीची पुरचुंडी माझ्याकडं दिली आणि मोटार गाठायला निघून गेले.

खोलीत एक खाट, एक टेबल, एक खिडकी. माझी खोली आणि मागचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये कुडाची भिंत होती. शेणामातीनं लिंपलेली, वरून चुना दिलेला, पण ती छपरापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर मोकळी जागा होती. तिकडच्या भांड्यांचा आवाज इकडं यायचा आणि माझा वाचण्याचा आवाज तिकडं जात असणार. जेवायला मी खाणावळीत जायचो. आठ दिवस झाले तरी मास्तरांच्या बायकोचं, काकूंचं तोंड मी पाहिलं नव्हतं. सकाळी अंगणात सडा घातलेला दिसायचा, तुळशीत पाणी दिसायचं, बाई दिसायची नाही.

नवव्या की दहाव्या दिवशी मी इतिहास वाचत होतो. एका वाक्यावर अडलो आणि स्वतःशीच म्हणालो, "हे मले समजलं नाई."

"मला समजलं नाही," भिंतीपलीकडून आवाज आला.

बाईचा आवाज होता. हळू, स्वच्छ, शिकवणाऱ्या माणसाचा. मी भिंतीकडं पाहिलं. मग पुन्हा आवाज आला, "म्हण."

"मला समजलं नाही," मी म्हणालो.

"आता पुढं वाच."

त्या दिवसापासून ते सुरू झालं. मी 'पानी' म्हटलं की पलीकडून 'पाणी' यायचं. मी 'नाई' म्हटलं की 'नाही'. घाई केली की, "श्वास घे." कधी रागावणं नाही, कधी कौतुक नाही. मी काय जेवलो, घरी कोण आहे, हे तिनं कधी विचारलं नाही. पाच वाजले की तिकडं चूल पेटवल्याचा आवाज यायचा, आणि मला सुट्टी.

महिनाभरानं मास्तरांनी मला एक जुनं पुस्तक आणून दिलं. शाळेत लावतात तसं मराठी गद्यवेच्यांचं पुस्तक होतं. "तुझा अभ्यास सुरू करण्याआधी यातलं एक पान वाचत जा," ते म्हणाले. पुस्तकात जागोजाग पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. पहिल्या दिवशी मला त्यांचा अर्थ कळला नाही. दुसऱ्या दिवशी कळला. श्वास घ्यायला जिथं थांबायचं तिथं रेघ होती. कुणीतरी माझ्याआधी हे पुस्तक मोठ्यानं वाचलं होतं, आणि आता मी त्याच्या थांब्यांवर थांबत होतो.

मी मास्तरांना विचारलं. त्यांनी एकदा आतल्या दाराकडं पाहिलं आणि मला आळीच्या टोकापर्यंत चालत नेलं.

त्यांना एकच मुलगा होता. माझ्याच वयाचा असताना विषमज्वरानं गेला. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली होती. तो फार मोठ्यानं वाचायचा, साऱ्या आळीत ऐकू जायचं. एकदा घरी पाहुणे असताना मास्तर त्याच्यावर खेकसले, वाचतोस की ओरडतोस, मनात वाचता येत नाही का? तेव्हापासून तो मनात वाचू लागला. आणि वर्षाच्या आत तापानं पडला. शेवटचे दिवस त्याची वाचाच गेली होती.

"तिला डोळ्यांनी नीट दिसत नाही आता," मास्तर म्हणाले. "मोतीबिंदू आहे. खोलीत कुणी वाचायला लागलं की तिला वाटतं तोच आहे. मी तिचा समज मोडत नाही. तूही मोडू नकोस."

मी सतरा वर्षांचा होतो. बरं म्हणालो.

पण त्यानंतर ते दोन तास बदलले. तोवर मला वाटत होतं की मी वाचतोय आणि काकू ऐकताहेत. आता त्या खोलीत तिसरं कुणीतरी बसलंय असं वाटू लागलं. बाहेर लख्ख ऊन असायचं, निंबावर कावळे असायचे, आणि माझ्या पाठीला थंडी वाजायची. पेन्सिलीच्या रेघा नसलेली पुस्तकं वाचतानाही मी नेमक्या कुठल्यातरी जागी थांबू लागलो, आणि पलीकडून एक बारीक हुंकार यायचा, बरोबर थांबलास असा. ते थांबे माझे नव्हते. एकदा शेजारच्या घरातली बाई कुंपणापाशी मला म्हणाली, "बाबा रे, जरा हळू वाचत जा. आवाज ऐकला की हातातलं काम सुटतं माझ्या." तिनं त्या मुलाला अंगाखांद्यावर खेळवलं होतं. माझ्याकडं नीट न बघता ती हे बोलली आणि आत गेली.

दिवाळीला मी गावी गेलो. सेलूला गाडी मिळाली नाही म्हणून चालत आलो. अंगणात पोचलो तेव्हा माय आत चुलीपाशी होती. तहान लागली होती. मी बाहेरूनच हाक मारली, "आई, मला पाणी दे गं."

आतून उत्तर आलं, "कोन होय?"

ती बाहेर आली ती डोक्यावरचा पदर पुढं ओढून, परक्या माणसासमोर बायका येतात तशी. उंबरठ्यावर थांबली. मला पाहिलं आणि तिचा हात पदरावरून खाली आला.

"तू होय? मले वाटलं कोनी साहेब आला मोजनीचा," ती म्हणाली आणि हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, "असा काऊन बोलून राह्यला रे?"

"कसा?"

"असाच. दुसऱ्याच्या तोंडानं."

तिनं ते सहज म्हटलं होतं. पाणी आणायला ती आत वळली. पण मी अंगणातच खिळून राहिलो. ज्या बाईनं मला जन्म दिला तिनं माझा आवाज ओळखला नव्हता, आणि तिकडं एक बाई त्याच आवाजात आपला मेलेला मुलगा ओळखत होती. मी ठरवून 'मले', 'तुले', 'जाऊन राह्यलो' असं बोलू लागलो. तेही नीट येईना. धाकटा भाऊ पोट धरून हसला. म्हणाला, "दादा आपली नक्कल करून राह्यला." दिवाळीचे ते सगळे दिवस मी जवळजवळ गप्पच होतो. बाबा माझ्याकडं बघत राहायचे. जायच्या दिवशी गाडी जुंपताना ते एवढंच म्हणाले, "टेसनामागची खोली अजून रिकामी हाय म्हनते."

वर्ध्याला परतलो ते मनाशी ठरवूनच. मास्तरांना म्हणालो की मी दुसरीकडं राहायला जातोय, गावची मुलं आहेत. त्यांनी कारण विचारलं नाही. खुर्चीच्या हातावरची त्यांची बोटं नुसती उघडत-मिटत राहिली.

"तिला सांगून जा," ते म्हणाले. "तो काही बोलून गेला नाही. तू सांगून जा."

मी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेलो. काकू पाटावर बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. डोळे दाराकडं, बोटं सुपात. खडा बोटांनाच कळत होता. मला वाटलं होतं तेवढ्या त्या म्हाताऱ्या नव्हत्या. त्यांचा मुलगा काय म्हणाला असता, याची मी मनात तयारी केली होती.

"आई," मी म्हणालो.

"काकू म्हण," त्या म्हणाल्या.

मी दारातच उभा राहिलो.

"बस. मी आंधळी होत आलेय, वेडी नाही. पहिल्या दिवशी तू वर्तमानपत्र वाचलंस तेव्हाच मला कळलं, हा हिंगणी-केळझराकडचा, शेतकऱ्याघरचा मुलगा आहे. माझा मुलगा गेला ते मला माहीत आहे. मीच त्याचे पाय धरून बसले होते."

"पण मास्तर म्हणाले..."

"ते म्हणतात माझ्यासाठी. म्हणू देत." त्यांनी आवाज खाली आणला. "तू वाचायला बसलास की बाहेर खुर्ची सरकते. ऐकली नाहीस कधी? तुझ्या खिडकीखाली बसतात ते. भिंतीला डोकं टेकून. तू 'मले' म्हणालास त्या दिवशी खुर्ची लगेच मागं सरकली. ते उठून चालले होते. म्हणून मी तुला सुधारलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं. तू 'मला' म्हणालास की ते बसून राहायचे."

खिडकीखाली बाहेरच्या चुन्यावर तेलाचा एक काळपट गोल डाग होता. मी तो रोज येता-जाता पाहत असे.

"मग तुम्हाला नाही का ऐकावंसं वाटत?" मी विचारलं.

त्यांची बोटं सुपात थांबली.

"तो 'श' म्हणायचा ना," त्या म्हणाल्या, आणि तिथंच थांबल्या. मग म्हणाल्या, "जा तू. तुझ्या आईला तुझी बोली हवी असेल. मी ती खरवडून काढत होते. मला रोज वाईट वाटायचं, आणि मी रोज करत होते."

"जातो, काकू."

"जातो म्हणू नये. येतो म्हणावं."

मी येतो म्हणालो आणि नमस्कार करून निघालो. मास्तर बाहेर उभे होते. त्यांनी काही ऐकलं असेल तर चेहऱ्यावर दाखवलं नाही. "बोललास ना? काय म्हणाली?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "जपून राहा म्हणाल्या. बाळ म्हणाल्या." हे मी का सांगितलं ते मला आजही सांगता येणार नाही. मास्तरांचे डोळे भरून आले आणि त्यांनी माझी वळकटी उचलून दारापर्यंत आणून दिली.

स्टेशनामागच्या वस्तीत मी रुळलो. तिथं मोठ्यानं वाचणं शक्यच नव्हतं, मनात वाचायलाही मेहनत पडायची. गावच्या मुलांत राहून 'मले' परत आलं, पण घरी आलेल्या पाहुण्यासारखं, जरा अवघडून. दुपारचे तीन वाजले की माझा घसा आपोआप हलायचा. पेन्सिलीच्या रेघा नसलेल्या कागदावर मी थांबायचो. कॉलेजला जायचा जवळचा रस्ता त्या आळीतून होता. मी लांबून जायचो.

पुढच्या वर्षी कॉलेजं उघडायच्या सुमारास केळझराकडचा एक मुलगा मला शोधत आला. सडपातळ, बुजरा, पायात नव्या वहाणा. त्याला कुणीतरी सांगितलं होतं की मी तिन्ही वस्त्या पाहिल्यात.

"तुमी मास्तरांकडं राह्यलते ना?" त्यानं विचारलं. "कशी हाय जागा? ते मोठ्यानं वाचाले लावतेत म्हनते."

मला सगळं सांगता आलं असतं. तो समोर बसला होता, पडवीत दुसरं कुणी नव्हतं, इंजिनही थांबलेलं होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर रिकामी खुर्ची आली, आणि सुपात थांबलेली बोटं. शिवाय दुसरा विचारही आला, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तिथं कुणी गेलं तर माझ्यामागं लागलेलं ते थांबणं सुटेल असं मला वाटलं.

"जागा चांगली हाय," मी म्हणालो. "शांत हाय."

तो गेला आणि राहिला. मी त्याला टाळू लागलो. वर्षभरानं कॉलेजात वक्तृत्वाची स्पर्धा झाली, त्यात तो बोलायला उभा राहिला. त्यानं तोंड उघडलं. तेच शब्द, तेच स्वच्छ 'मला' आणि 'पाणी', आणि वाक्याच्या मध्ये तोच थांबा. टाळ्या पडल्या. मला हात उचलता आले नाहीत. मी मागच्या दारानं निघालो तर तो धावत माझ्या मागं आला.

"तुम्हाला सगळं माहीत होतं," तो म्हणाला.

"होतं."

"सांगितलं का नाहीत?"

मी मान खाली घातली. मला वाटलं आता हा मला शिवी देईल.

"सांगितलं असतं तरी मी तिथंच राहिलो असतो," तो म्हणाला. "मला आई नाही. मी दोन वर्षांचा होतो तेव्हा गेली. तिचा आवाज कसा होता ते मला कुणी सांगू शकत नाही. इथं मी चुकलो की भिंतीपलीकडून कुणीतरी बोलतं." मग तो म्हणाला, "काकूंची तब्येत बरी नाही. एकदा येऊन जा. तुमचं नाव काढतात."

मी गेलो नाही. परीक्षा होती, मग सुट्टी होती, मग खरोखर काहीच कारण नव्हतं. त्या उन्हाळ्यात काकू गेल्या. तो तेव्हा गावी न जाता तिथंच राहिला होता. दिवस झाल्यावर तो खोली सोडायची का असं विचारायला मास्तरांकडं गेला, तेव्हा मास्तर म्हणाले, आज वाचलं नाहीस. तो वाचायला बसला. बाहेर खुर्ची सरकली नाही. त्यानं उठून पाहिलं तर मास्तर आत भिंतीपलीकडं काकूंच्या पाटावर बसलेले होते, आणि त्यांच्या समोर रिकामं सूप होतं. हे त्यानंच मला नंतर रस्त्यात भेटल्यावर सांगितलं.

मला कचेरीत नोकरी लागली, त्याला शाळेत. नोकरी लागल्यावरही त्यानं ती खोली सोडली नाही. दोन वर्षांनी त्याच्या लग्नाची पत्रिका माझ्या कचेरीच्या पत्त्यावर आली. त्याच्या वडलांच्या नावाखाली निमंत्रक म्हणून मास्तरांचं नाव होतं, आणि लग्नाचं ठिकाण म्हणून त्याच आळीचा पत्ता. मी त्या दिवशी वर्ध्यातच होतो. नवा सदरा काढून ठेवला होता. दुपारी आळीच्या तोंडापर्यंत गेलोही. मांडवातून माणसांचा कालवा ऐकू येत होता. त्या आळीत एवढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी निंबाखाली उभा राहिलो. मास्तर मला ओळखतील का, आणि ओळखलं तर काय विचारतील, याचा विचार करत राहिलो. मग मांडवात वाजंत्री सुरू झाली आणि मी वळून स्टेशनाकडं चालू लागलो.